कार्डातून संगणकात येताना बिघडलेली छायाचित्रे

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद. ती अजून चित्र झालेली नसते. संवेदकावरच्या प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या अशी ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी शोधली आणि १९७६ साली तिला पेटंट मिळाले. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला याचे माप कॅमेरा १२ किंवा १४ बिटांत लिहून ठेवतो. १४ बिटांत १६,३८४ पायऱ्या मावतात. नेहमीच्या जेपीईजी चित्रात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच मिळतात. मांडवाच्या सावलीत काळवंडलेला चेहरा नंतर उजळवता येतो, दिव्याची पिवळी झाक सुधारता येते, ती या जादा पायऱ्यांच्या जोरावर. लग्नसमारंभ, वन्यजीव किंवा पंढरीची वारी टिपणारे व्यावसायिक म्हणूनच रॉ काढतात.

ही नोंद जितकी समृद्ध तितकीच अवजड. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली १४ बिटांची फाइल न दाबता साठवली तर सुमारे ४२ एमबी भरते, आणि दाबून साठवली तरी बहुधा २० ते ३० एमबी. दिवसभरात हजार फोटो काढले की पंचवीस-तीस जीबी डेटा कार्डातून रीडरमध्ये, रीडरमधून केबलमध्ये, तिथून संगणकाच्या रॅममध्ये आणि शेवटी डिस्कवर जातो. या वाटेवर एखादा बिट जरी उलटला, शून्याचा एक झाला, तरी फोटोचा मोठा भाग हातचा जाऊ शकतो. अशी फाइल पाहिली की फोटो कायमचा गेला, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात कार्डातून उतरवताना बिघडलेल्या फोटोंचा मोठा वाटा परत मिळण्यासारखा असतो. मात्र बिघाड फाइलच्या कोणत्या भागात आहे आणि मूळ कार्डाचे काय झाले, या दोन गोष्टींवर सगळे ठरते.

कॅननच्या सीआर२, निकॉनच्या एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू आणि अडोबीच्या डीएनजी या फाइल्सची घडण टिफ या जुन्या स्वरूपावर बेतलेली आहे. फाइलच्या सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे असतात, दोन 'आय' किंवा दोन 'एम'. पहिली जोडी इंटेलच्या पद्धतीने आकडे लिहिल्याची खूण, दुसरी मोटोरोलाच्या. त्यापाठोपाठ ४२ हा आकडा आणि मग फाइलमध्ये कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे याचा तक्ता. या तक्त्यात कॅमेऱ्याचे नाव, वेळ, शटरचा वेग असतो. एक चिमुकले चित्र असते. कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेले जेपीईजी पूर्वदर्शन असते. आणि अखेरीस संवेदकाचा खरा डेटा असतो, जो फाइलचा बहुतांश भाग व्यापतो. कॅननने २०१८ मध्ये आणलेल्या सीआर३ची घडण वेगळी, व्हिडिओ फाइलच्या वळणाची आहे. फुजीफिल्मच्या फाइलच्या तोंडाशी तर कंपनीचे नावच लिहिलेले असते. पण सुरुवातीचा शीर्षभाग, पूर्वदर्शन आणि संवेदकाचा डेटा हे तीन भाग सगळीकडे सापडतात, आणि दुरुस्तीचा प्रत्येक उपाय या तिघांपैकी एकाला धरून चालतो.

बिघाड होतो तरी कुठे? एसडी कार्डाच्या तारांवरून जाणाऱ्या डेटासोबत पडताळणीचा एक आकडा जातो. यूएसबी केबलवर तसेच, डिस्कच्या जोडणीवरही तसेच. आकडा जुळला नाही तर तो तुकडा पुन्हा मागवला जातो. त्यामुळे केबलवर चूक होऊन ती कोणाच्याही लक्षात न येता डिस्कवर पोचणे तसे दुर्मीळ. धोका असतो तो दोन पडताळण्यांच्या मधल्या जागांत: स्वस्त किंवा जुन्या रीडरच्या आतली स्मृती, आणि संगणकाची रॅम. घरगुती संगणकांच्या रॅममध्ये चुका पकडण्याची सोय सहसा नसते. रॅमची एखादी पेशी सदोष असेल तर तिथून जाणाऱ्या हजारो फाइल्सपैकी मोजक्याच बिघडतात, आणि रॉ फाइल्स मोठ्या असल्याने नेमक्या त्याच तडाख्यात सापडतात. सैल यूएसबी हब, कॉम्पॅक्टफ्लॅश रीडरची वाकलेली पिन, मरायला टेकलेली हार्ड डिस्क ही आणखी नेहमीची कारणे. शिवाय एक कारण निव्वळ घाईचे. संगणक 'कॉपी झाली' असे सांगतो तेव्हा डेटाचा काही भाग अजून रॅममध्येच, डिस्कवर जाण्याची वाट पाहत असू शकतो. त्या क्षणी बाहेरची डिस्क उपटली की फाइलचे नाव आणि आकार बरोबर दिसतो, आत मात्र काहीच नसते. विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी हा धोका कमी करणारी मांडणी आपोआप लागू होते, तरी 'इजेक्ट' न करता डिस्क काढणे सुरक्षित झालेले नाही.

बिघडलेल्या फाइलची लक्षणे ओळखीची असतात. लाइटरूमसारख्या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो क्षणभर स्वच्छ दिसतो आणि मग डोळ्यांदेखत खालचा अर्धा भाग गुलाबी होतो, पट्टे पडतात किंवा चित्र बाजूला सरकते. पाहणाऱ्याला वाटते, सॉफ्टवेअरनेच फोटो खराब केला. खरे कारण असे की सॉफ्टवेअर आधी फाइलमधले तयार पूर्वदर्शन दाखवते आणि नंतर संवेदकाचा डेटा उलगडून स्वतःचे चित्र बनवते. पूर्वदर्शन शाबूत आहे आणि खरा डेटा बिघडला आहे, एवढेच त्या दोन दृश्यांतून कळते. ही माहिती मोलाची आहे, कारण निदान पूर्वदर्शन तरी वाचवता येईल हे त्यातून लगेच समजते.

एका चुकीने अर्धे चित्र का जाते, याचे उत्तर डेटा दाबण्याच्या पद्धतीत आहे. कॅननच्या सीआर२मध्ये आणि निकॉनच्या दाबलेल्या एनईएफमध्ये प्रत्येक बिंदूचे माप पूर्ण लिहिलेले नसते. आधीच्या बिंदूपेक्षा ते किती कमी-जास्त आहे तेवढेच लिहिलेले असते. हे फरकही कमी-अधिक लांबीच्या संकेतांत, मध्ये जागा न सोडता सलग लिहिले जातात. मोडीतला जुना कागद वाचताना अशीच अडचण येते. शब्दांमध्ये जागा नसते, त्यामुळे एक अक्षर चुकीचे लागले की पुढचे शब्द भलतीकडेच तुटतात. फरक एवढाच की मोडी वाचणारा जाणकार संदर्भावरून पुन्हा वाटेवर येतो, संगणकाला तो संदर्भ नसतो. चुकलेल्या जागेपासून पुढचे सगळे संकेत तो भलत्या ठिकाणी तोडतो आणि प्रत्येक माप आधीच्यावर अवलंबून असल्याने चूक पुढे वाहत जाते. चुकीच्या जागेच्या वरचा भाग मात्र अगदी निर्दोष असतो.

गुलाबी रंगालाही कारण आहे. संवेदक हिरव्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो, म्हणून पांढरा रंग पांढरा दिसावा यासाठी सॉफ्टवेअर लाल आणि निळ्या मापांना गुणून वाढवते. डेटा बिघडून सर्व बिंदूंची मापे सारखीच झाली की लाल आणि निळे वाढते, हिरवे तेवढेच राहते, आणि लाल अधिक निळे म्हणजे गुलाबी-जांभळे.

सर्वच स्वरूपे इतकी हळवी नाहीत. न दाबलेल्या रॉ फाइलमध्ये एक बाइट बिघडला तर एखादा-दुसरा बिंदू बिघडतो, जो नंतर ब्रशने पुसून टाकता येतो. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांतली दाबण्याची पद्धत १६ बिंदूंचा डेटा नेमक्या १६ बाइटांच्या ठोकळ्यात बसवते. तिच्यात प्रकाशाची थोडी माहिती गळते, म्हणून तिच्यावर पुष्कळ टीका झाली, पण प्रत्येक ठोकळा स्वतंत्र असल्याने तिथली चूक त्या ठोकळ्याबाहेर जात नाही.

फाइल बिघडल्याचे लक्षात आले की पहिली कृती म्हणजे कार्डाला हात न लावणे. त्यावर नवा फोटो काढू नये, ते फॉरमॅट मारू नये, संगणकाने 'डिस्क दुरुस्त करू का' असे विचारले तर नकार द्यावा. एसडी कार्डाच्या कडेची छोटी कळ 'लॉक'वर सरकवावी. ही कळ कार्डाच्या आत काही बंद करत नाही, ती रीडरला फक्त सूचना देते. तरीही अपघाती लेखन टाळायला ती पुरते. बिघाड उतरवताना झाला असेल तर कार्डावरची मूळ फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते. वेगळा रीडर, वेगळी केबल, जमल्यास वेगळा संगणक घेऊन कार्ड पुन्हा वाचले की फोटो पूर्ववत मिळतात. उतरवताना झालेल्या बिघाडावर याहून चांगला उपाय नाही, आणि तो मोफत आहे. ज्यांनी फोटो 'कट-पेस्ट' केले किंवा उतरवल्याबरोबर कार्ड खाली केले त्यांच्याच हातून तो निसटलेला असतो.

पुन्हा वाचताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. संगणक नुकत्याच वाचलेल्या फाइल्स रॅममध्ये धरून ठेवतो. त्याच बैठकीत तीच फाइल परत कॉपी केली तर ती कार्डातून न येता रॅममधूनच येऊ शकते, बिघाडासकट. म्हणून मधे कार्ड 'इजेक्ट' करून काढावे आणि पुन्हा घालावे. मग दोन्ही प्रतींचे चेकसम काढून पाहावेत. चेकसम म्हणजे फाइलमधल्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेली एक छोटी संख्या. एक बिट बदलला तरी ती पार बदलते. एसएचए-२५६ ही त्यासाठीची रूढ पद्धत. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' आणि मॅकवर 'शासम' ही आज्ञा ती काढून देते, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

तीन वेळा वाचून तिन्ही चेकसम सारखेच आले आणि तरी फोटो बिघडलेलाच दिसला, तर दोष वाटेत नसून कार्डात किंवा कॅमेऱ्याने लिहितानाच झालेला आहे. दर वेळी चेकसम वेगळा आला, तर वाट सदोष आहे. प्रत्येक वेळी वेगळीच फाइल बिघडत असेल तर संशय रॅमवर जातो. विंडोजमध्येच रॅम तपासण्याची सोय आहे आणि मेमटेस्ट८६ हे साधनही त्यासाठी वापरले जाते. सदोष रॅमच्या संगणकावर दुरुस्तीचे काम करू नये, कारण तिथे होणारी प्रत्येक नवी प्रतसुद्धा बिघडू शकते.

कार्ड हाती नाही, पण घाईत केलेल्या दोन वेगवेगळ्या प्रती आहेत, एक लॅपटॉपवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर, आणि दोन्ही बिघडलेल्या, अशी परिस्थितीही येते. ती दिसते तितकी निराशाजनक नाही. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी बिघडल्या असतील तर एकीचा चांगला तुकडा दुसरीत बसवता येतो. विंडोजची 'एफसी' किंवा मॅक-लिनक्सवरची 'सीएमपी' ही आज्ञा दोन फाइल्स बाइटागणिक ताडून कुठे फरक आहे ते पत्त्यासह सांगते. पुष्कळदा पंचवीस एमबीच्या फाइलमध्ये फरक निघतो तो एक-दोन बाइटांचा. मग कोणता बाइट खरा? आधी एक बसवून फोटो उघडायचा, मग दुसरा. चित्र सरळ आले की निकाल लागला. प्रती तीन असतील तर दोघींत जो बाइट सारखा तो खरा मानायचा. हे काम फाइलचे बाइट थेट बदलू देणाऱ्या, एचएक्सडीसारख्या हेक्स संपादकात होते आणि अर्थातच मूळ फाइलवर न करता तिच्या नकलेवर करायचे असते.

कार्ड खाली करून झाले असेल तरी सगळे संपलेले नसते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर बहुधा एफएटी३२ आणि त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅट ही फाइलव्यवस्था असते. एफएटी३२मध्ये फाइल पुसली म्हणजे नोंदवहीत तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून जागा मोकळी झाल्याची खूण केली जाते. फोटोचा डेटा जिथल्या तिथे राहतो. कॅमेऱ्यातले साधे फॉरमॅटसुद्धा मुख्यतः नोंदवहीच नवी करते. त्या जागेवर नवे फोटो लिहिले गेले की मात्र जुने जातात, आणि तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. कार्डासोबत जास्त खटपट करण्याआधी त्याची बाइटागणिक प्रतिमा डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. वाचताना अडखळणाऱ्या कार्डासाठी 'डीडीरेस्क्यू' हे साधन उत्तम. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि हट्टी जागांकडे नंतर वळते, त्यामुळे कार्ड मध्येच बंद पडले तरी बरेचसे हाती आलेले असते.

प्रतिमेतून फोटो वेचण्यासाठी फोटोरेक हे क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे मोफत आणि खुले साधन अनेक वर्षे वापरात आहे. ते नोंदवहीकडे पाहतच नाही. रॉ फाइलच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा शोधत ते संपूर्ण प्रतिमा चाळते आणि खूण दिसली की तिथून फाइल उचलते. मूळ नावे त्यात हरवतात, पण प्रत्येक फाइलच्या पोटात काढल्याची तारीख आणि वेळ असतेच, त्यावरून सगळे फोटो पुन्हा क्रमाने लावता येतात. या पद्धतीची मर्यादा अशी की फाइल कार्डावर सलग लिहिलेली आहे असे ती धरून चालते. फॉरमॅट केलेल्या कोऱ्या कार्डावर कॅमेरा सलगच लिहितो. पण फोटोग्राफरने मधूनमधून नावडते फोटो कॅमेऱ्यातच पुसले असतील तर मोकळ्या फटींत पुढचे फोटो तुकड्यातुकड्यांनी भरले जातात आणि वेचताना एका फोटोच्या डोक्याला दुसऱ्याचे धड लागते. कॅमेऱ्यात एकेक फोटो पुसण्याची सवय म्हणूनच टाळावी.

बिघाड शीर्षभागात असला तर चित्र वेगळेच असते. संवेदकाचा डेटा पूर्ण चांगला, पण तो कुठे आहे आणि कसा उलगडायचा हे सांगणारा तक्ता मोडलेला, म्हणून सॉफ्टवेअर 'हे स्वरूप ओळखता येत नाही' म्हणून थांबते. याचे गाजलेले उदाहरण निकॉनच्या फाइल्सचे आहे. फोटो उतरवण्याच्या निकॉनच्या जुन्या सॉफ्टवेअरला नंतर आलेल्या कॅमेऱ्यांच्या एनईएफ फाइल्सची घडण ठाऊक नव्हती. ते सॉफ्टवेअर फाइल नुसती उतरवत नसे, तिच्यात माहितीही लिहीत असे, आणि त्या लिहिण्यात शीर्षभागाची नासाडी होई. कॅमेरा, कार्ड, केबल सगळे ठीक असूनही फोटो उघडत नसत. संवेदकाच्या डेटाला धक्का लागलेला नसल्याने या फाइल्स दुरुस्त होण्याजोग्या होत्या. एक्झिफटूल या प्रसिद्ध साधनाचे लेखक फिल हार्वे यांनी त्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली आणि अडोबीनेही दुरुस्तीचे साधन दिले. ज्यांनी न उघडणाऱ्या फाइल्स वैतागून पुसल्या नव्हत्या त्यांनाच याचा लाभ घेता आला. नव्या कॅमेऱ्याचे फोटो जुन्या सॉफ्टवेअरने उतरवू नयेत, हा धडाही त्यातूनच मिळाला.

असे तयार साधन नसेल तेव्हा शीर्षभाग हाताने बसवावा लागतो. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मांडणीत, शक्यतो त्याच दिवशी काढलेली एक चांगली फाइल घ्यायची आणि तिचा शीर्षभाग बिघडलेल्या फाइलला लावायचा. दाबलेल्या फाइल्सची लांबी दर फोटोला वेगळी असल्याने तक्त्यातले काही आकडे जुळवून घ्यावे लागतात. काम किचकट आहे, पण जमण्यासारखे आहे.

संवेदकाचा डेटाच बिघडला असेल आणि मूळ कार्ड हाती नसेल, तर पूर्वदर्शनाकडे वळावे. एक्झिफटूल फाइलच्या पोटातले जेपीईजी जसेच्या तसे बाहेर काढून देते. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून विकसित केलेला डीसीरॉ हा प्रोग्रामही तेच करतो. कॅनन आणि निकॉनच्या पुष्कळ मॉडेल्समध्ये हे पूर्वदर्शन पूर्ण आकाराचे असते, म्हणजे अल्बममध्ये मोठ्या पानावर छापण्याइतके. सोनीच्या अनेक जुन्या मॉडेल्समध्ये ते १६१६ बाय १०८० पिक्सेलचे, साधारण पोस्टकार्डाएवढ्या छपाईला पुरेल इतके. उजळवण्याची मुभा त्यात कमी, तरी मंगलाष्टकांचा क्षण पुन्हा येणार नसतो, तेव्हा तेवढेही पुष्कळ आहे. अनेक कॅमेऱ्यांत पूर्वदर्शन संवेदकाच्या डेटाच्या आधी ठेवलेले असल्याने अर्धवट तुटलेल्या फाइलमधूनही ते बहुधा अखंड निघते.

सॉफ्टवेअर बदलून पाहणेही उपयोगी पडते. एखादा प्रोग्राम चूक दिसताच फाइल नाकारतो, तर डीसीरॉ अमुक पत्त्याजवळ डेटा बिघडल्याची सूचना देऊन पुढे उलगडत राहतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी या मोफत प्रोग्राममध्येही अशी फाइल उघडून पाहावी. चुकीच्या वरचा भाग पूर्ण दर्जाचा मिळतो, आणि चेहरे वरच्या भागात असतील तर खालचा पट्टा कापून किंवा तिथे पूर्वदर्शनाचा तुकडा जोडून चांगला फोटो उभा राहतो.

काही फाइल्स मात्र परत येत नाहीत, आणि त्या ओळखता आल्या तर वेळ आणि पैसा वाचतो. आकार बरोबर दिसणारी पण उघडत नसलेली फाइल झिप करून पाहावी. पंचवीस एमबीची फाइल काही केबींत मावली तर तिच्यात निव्वळ शून्ये भरलेली आहेत. तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, कार्डाकडेच जायला हवे. 'कोणताही खराब फोटो दुरुस्त करू' असे सांगणारी सॉफ्टवेअरे शीर्षभाग सुधारू शकतात, तुटलेले जोडू शकतात. जी मापे फाइलमध्ये उरलीच नाहीत ती त्यांना कुठून मिळणार? गहाळ भाग कृत्रिम बुद्धिमत्तेने भरून देणारी साधने चित्र पूर्ण करतात, पण तो भाग कॅमेऱ्याने टिपलेला नसतो. घरच्या भिंतीवर ते चालेल. बातमीसाठी, पुराव्यासाठी किंवा वन्यजीवांच्या नोंदीसाठी असा फोटो देणे हा खोटेपणा आहे.

कार्ड कोणत्याच संगणकात ओळखले जात नसेल तर काम प्रयोगशाळेचे. तिथे कार्डाच्या नियंत्रकाला वळसा घालून स्मृतीची चिप थेट वाचतात. मायक्रोएसडी आणि बऱ्याच छोट्या कार्डांत नियंत्रक आणि स्मृती एकाच वडीत बंद असतात. वरचा थर खरवडून केसाएवढ्या तारा डाखवाव्या लागतात. मुंबई-पुण्यात अशी सेवा मिळते. ती महाग असते, म्हणून आधी तपासणी करून काय मिळेल ते सांगणाऱ्याकडेच कार्ड द्यावे. त्यापूर्वी घरी करून पाहिलेले प्रत्येक फॉरमॅट त्यांचे काम अवघड करते.

या सगळ्या खटपटीपासून वाचवणारी पद्धत अगदी साधी आहे. कार्डातून फोटो नेहमी कॉपी करावेत, कट करू नयेत. कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर करावी आणि टेराकॉपीसारख्या पडताळणी करणाऱ्या साधनाने करावी, कारण नेहमीची कॉपी लिहिलेले परत वाचून पाहत नाही. दोन कार्डे बसणाऱ्या कॅमेऱ्यात दोन्हींवर एकाच वेळी रॉ लिहिण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. डीएनजी वापरणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. २००८ च्या आवृत्तीपासून डीएनजी फाइलमध्ये तिच्या चित्राचा चेकसम ठेवण्याची सोय आहे, आणि २०१३ च्या लाइटरूम ५ पासून हजारो डीएनजी फाइल्स एका आज्ञेत तपासता येतात. आधीच बिघडलेली फाइल डीएनजीत रूपांतरित केली तर बिघाडाचाच चेकसम नोंदला जातो, म्हणून तपासणी आधी आणि रूपांतर नंतर. फोटो पाहताना छोट्या चित्रांच्या रांगेवर विसंबू नये, ती पूर्वदर्शनातून आलेली असतात. प्रत्येक फोटो एकदा पूर्ण उलगडू द्यावा. सेकंदाला ९० एमबी वेगाने वाचणाऱ्या रीडरवर ६४ जीबीचे भरलेले कार्ड दुसऱ्यांदा वाचून पडताळायला साधारण बारा मिनिटे लागतात. ती बारा मिनिटे संपेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.